भयकथा वाचून आपण काय विचारतो?



गेल्या काही वर्षांत आपल्या तरुण मुलांच्या हाती एका विशिष्ट प्रकारची पुस्तके आणि चित्रपट पुन्हा पुन्हा दिसू लागले आहेत. माणूस प्रयोगशाळेत बेतून काढला जातो, कोण साहेब आणि कोण हमाल हे जन्माआधीच ठरते, आणि ज्याची जनुके 'कमी प्रतीची' त्याला सगळी दारे बंद. बिघडलेल्या उद्याच्या अशा गोष्टींना डिस्टोपिया म्हणतात. ऑल्डस हक्सली यांची १९३२ सालची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ही कादंबरी, १९९७ चा 'गॅटाका' हा चित्रपट आणि काझुओ इशिगुरो यांची २००५ ची 'नेव्हर लेट मी गो' ही कादंबरी, ही त्यांतली तीन ठळक नावे. कोणी कॉलेजात अभ्यासाला म्हणून वाचतो, कोणी मोबाइलवर पाहतो, आणि मग मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात किंवा युवकांच्या बैठकीत त्यावर बोलणे निघते.

हे बोलणे आम्ही बरेचदा ऐकले आहे. त्यात चार प्रकारची मते येतात. पहिले आणि सर्वांत मोठ्या आवाजातले मत म्हणजे, "हे शास्त्रज्ञ देवाच्या कामात ढवळाढवळ करताहेत, शिक्षा होणारच." दुसरे, "गोष्टच ती, कशाला एवढे मनावर घ्यायचे?" तिसरे तरुणांचे, "एवढा अन्याय होतो तर ही माणसे पळून का जात नाहीत?" आणि चौथे मत कोणी मोठ्याने बोलत नाही. बाकीचे पांगल्यावर एखादी आई किंवा एखादा बाप हळूच म्हणतो, "खरेच असे काही करता आले असते, तर आमच्या लेकराचे दुखणे गेले असते."

आमचे मत असे आहे की यांतले पहिले उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणूनच ते आपल्या तोंडी लगेच येते. या गोष्टी ज्या दुखण्यावर बोट ठेवतात त्याला मात्र ते हात लावत नाही. आणि ज्या चौथ्या आवाजाकडे आपण दुर्लक्ष करतो, तो आधी ऐकायला हवा.

मुळात या गोष्टी काय सांगतात ते पाहू. हक्सली यांनी कादंबरी लिहिली तेव्हा जनुकांची शिडीसारखी पिळदार रचना कोणाला ठाऊकही नव्हती. तो शोध १९५३ चा. म्हणजे ही कादंबरी त्याच्या एकवीस वर्षे आधीची. तिच्यात मुले बाटल्यांत वाढवली जातात, एकाच गर्भापासून शहाण्णवपर्यंत जुळी काढली जातात, आणि वाढीच्या काळातच कोणाला जास्त प्राणवायू द्यायचा, कोणाला कमी, यावरून त्यांची पायरी ठरते. वाचून अंगावर काटा येतो. पण नीट वाचले तर दिसते की त्या जगात फारसे कोणी दुःखी नाही. प्रत्येकाला आपापल्या पायरीवर समाधान मानायला शिकवले आहे, आणि मन उदास झाले तर 'सोमा' नावाची गोळी आहे. तिथे 'आई' हा शब्द उच्चारायला माणसे लाजतात. चर्चवरच्या क्रुसांचे वरचे टोक कापून त्यांचा इंग्रजी 'टी' केला आहे, कारण त्या जगाचे दैवत मोटारवाला फोर्ड आहे. हक्सली यांना भीती यंत्राची नव्हती. दुःख नको म्हणून माणूस काय काय सोडून द्यायला तयार होईल, याची त्यांना भीती होती. क्रुसाचे टोक कापणारे हात शास्त्रज्ञांचेच असतील असे नाही. सुखासाठी एवढे चालायचेच, असे म्हणणाऱ्या कोणाचेही ते असू शकतात.

'गॅटाका'ची गोष्ट आणखी जवळची आहे. व्हिन्सेंट हा आईबापांच्या पोटी नेहमीसारखा जन्माला येतो. जन्मताच रक्ताच्या थेंबावरून सांगितले जाते की याचे हृदय अधू आहे, हा तिशीच्या पलीकडे जगणार नाही. बाप त्याला स्वतःचे नाव पहिले नाव म्हणून द्यायला निघालेला असतो, पण ते ऐकून थबकतो. ते नाव तो दुसऱ्या मुलासाठी राखून ठेवतो, आणि तो दुसरा मुलगा निवडून घडवलेला असतो. आमच्या मते सबंध चित्रपटातला सर्वांत बोचणारा क्षण हाच. त्यात कुठले यंत्र नाही, पोलीस नाहीत. एक बाप आपल्या पहिल्या लेकराकडे पाहतो आणि त्याची किंमत मनात कमी करतो, एवढेच घडते.

या चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर उपदेशकाच्या पुस्तकातले सातव्या अध्यायातले एक वचन येते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. ते तेरावे वचन घरी उघडून जरूर वाचावे. दुसरीही एक गोष्ट निसटते. त्या काल्पनिक देशात जनुकांवरून भेदभाव करणे कायद्याने गुन्हाच आहे. फक्त तो कायदा कोणी पाळत नाही. मुलाखतीला आलेल्याशी हस्तांदोलन केले, दाराच्या मुठीवरचा घाम तपासला, की काम झाले.

हे वाचताना आपल्याला परदेश आठवावा लागत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. देशभराचा कायदा १९९४ साली आला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ गावी ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. म्हैसाळ म्हणजे आपल्या सीमाभागाला अगदी लागून. तिथे जनुक कापणारी कात्री नव्हती की काचेच्या बाटल्या नव्हत्या. एक सोनोग्राफीचे यंत्र, एक कुजबुज आणि पैसे, एवढ्यावर भागले. 'उद्या असे होईल' म्हणून आपण ज्याला घाबरतो ते आपल्या ओढ्याकाठी कधीच होऊन गेले आहे.

यावर आपल्यातले काही जण म्हणतील, "आपल्या ख्रिस्ती समाजात असे होत नाही." ते खरे असेल तर देवाचे आभार मानू. पण स्थळ पाहायला बसतो तेव्हा आपण काय विचारतो ते आठवावे. मुलगी गोरी आहे का, उंची किती, घरात कोणाला वेड किंवा फिट्स नाहीत ना, आणि बाप्तिस्म्याला इतक्या पिढ्या होऊनही, मूळची जात कोणती. एखाद्या घरात मतिमंद भाऊ असला तर बहिणीच्या लग्नाच्या बोलणीत त्याला आतल्या खोलीत ठेवले जाते. आपल्याकडची निवड पाव्हण्यांसमोर, चहाच्या कपाबरोबर होते.

म्हणून 'देवाच्या कामात ढवळाढवळ' या उत्तराने आमचे समाधान होत नाही. ते उत्तर सगळा दोष दूरच्या प्रयोगशाळेवर टाकते आणि आपल्याला मोकळे करते.

शिवाय ते वस्तुस्थितीलाही धरून नाही. आनुवंशिकतेचे नियम पहिल्यांदा मांडले ते ग्रेगोर मेंडेल यांनी, आणि ते ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू होते. ब्रनो येथील मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्याच्या झाडांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८६६ मध्ये ते छापून आले. प्रार्थना करणाऱ्या हातांनीच हे दार उघडले. पुढे १९५९ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये एक गुणसूत्र जास्त असते हे प्रसिद्ध झाले. त्या कामात मार्थ गोतिए यांच्याबरोबर जेरोम लेझन हे फ्रेंच डॉक्टर होते. लेझन हे श्रद्धावंत कॅथलिक. या मुलांवर उपचार सापडावा ही त्यांची धडपड होती. पण त्याच ज्ञानाचा उपयोग अशी मुले जन्मालाच येऊ नयेत म्हणून होऊ लागला, तेव्हा ते आयुष्यभर त्याविरुद्ध बोलत राहिले. त्याची किंमतही त्यांनी मोजली. २०२१ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना 'वंदनीय' घोषित केले. ज्ञान तेच होते. एकाने ते लेकराला उचलून घेण्यासाठी वापरले, दुसऱ्याने दार लावण्यासाठी.

ख्रिस्तसभेची शिकवणही सरसकट 'नको' म्हणणारी नाही, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. व्हॅटिकनने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या 'डिग्नितास पेर्सोने' या मार्गदर्शनात तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. आजारी माणसाच्या शरीरातला दोष बरा करण्यासाठी त्याच्या पेशींवर केलेला जनुकीय उपचार तत्त्वतः योग्य आहे. पुढच्या पिढ्यांत उतरेल असा बदल करणे आजच्या स्थितीत योग्य नाही, कारण त्यातले धोके मोठे आहेत आणि ते पूर्णपणे आवाक्यात नाहीत. आणि रोग नसताना केवळ 'सुधारित' माणूस घडवण्यासाठी असे करणे म्हणजे माणसांत वरचे-खालचे करणाऱ्या मनोवृत्तीला खतपाणी घालणे आहे. बरे करणे वेगळे, बेतणे वेगळे. ही साधी ओळ लक्षात ठेवली तर निम्मा गोंधळ दूर होतो.

याची उदाहरणे आता कादंबरीत शोधावी लागत नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे ज्यानक्वे या चिनी शास्त्रज्ञाने जाहीर केले की त्याने गर्भावस्थेतच जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. एचआयव्हीची लागण होऊ नये हा हेतू त्याने सांगितला. पण त्या मुली आजारी नव्हत्या, आणि त्या बदलाचे पुढे काय होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. जगभरच्या शास्त्रज्ञांनीच त्याचा निषेध केला आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची कैद दिली. उलट २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकल सेलच्या रुग्णांसाठी त्याच तंत्राने बनलेल्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी काढून, दुरुस्त करून परत घातल्या जातात. तंत्र एकच. एका ठिकाणी न विचारता दोन बाळांवर प्रयोग झाला, दुसऱ्या ठिकाणी वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला मोकळे श्वास मिळाले.

मात्र त्या उपचाराची अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर आहे. आणि सिकल सेल आपल्याकडे कोणाला होतो? गडचिरोली, नंदुरबार, मध्य प्रदेश आणि गुजरातच्या आदिवासी पट्ट्यांतल्या माणसांना. खऱ्या डिस्टोपियाची सुरुवात इथे होते असे आम्हाला वाटते. औषध सापडले, पण ज्यांना हवे त्यांच्या हाताला ते लागत नाही. याबद्दल चर्चच्या आवारात 'शिक्षा होणार' असे कोणी म्हणताना आम्ही ऐकलेले नाही.

आता त्या चौथ्या आवाजाकडे येऊ. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, जन्मभर. रक्तातून साठणारे लोह काढायला वेगळी औषधे. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक एवढा धोका. अशा एका बापाने आमच्याशी बोलताना विचारले, "मला तुम्ही सांगता की जनुकात हात घालणे पाप. मग दर पंधरा दिवसांनी मी पोराच्या हातात सुई टोचू देतो, ती काय देवाची इच्छा? आणि ती सुई सुटावी असे मला वाटते ते पाप?" तो चिडून बोलत नव्हता. फक्त थकला होता. त्याच्या शेजारी बसून कोणीतरी चित्रपटावरून मोठ्या आवाजात निकाल देत होते, आणि तो निकाल त्याच्या मुलावर पडत होता, हे बोलणाऱ्याच्या गावीही नव्हते.

या प्रश्नाला आम्ही आमच्याकडून उत्तर देणार नाही. योहानच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय त्याचे उत्तर देतो. जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. म्हणजे तेव्हाही रक्तातला दोष शोधण्याची घाई होतीच. प्रभू तो प्रश्नच नाकारतो. दोघांपैकी कोणालाही तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. तो खाली वाकतो, मातीचा चिखल करतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला धुवायला पाठवतो. माती हाताळून बरे करणे प्रभूला वर्ज्य वाटले नाही. आणि त्याच अध्यायात पुढे पाहा, बरे झालेल्या त्या माणसाला सभास्थानाबाहेर काढले जाते तेव्हा प्रभू त्याला पुन्हा शोधून काढतो. डोळे देऊन तो निघून गेला नाही. ख्रिस्ती माणसाने उपचारांकडे कसे पाहावे हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

तरुणांचा प्रश्न राहिला, 'ते पळून का जात नाहीत?' हा प्रश्न 'नेव्हर लेट मी गो'च्या वाचकांना हमखास पडतो. त्या कादंबरीत काही मुले केवळ इतरांना अवयव देण्यासाठी जन्माला घातलेली असतात. त्यांची शाळा छान आहे, बाई प्रेमळ आहेत, कुंपणावर बंदुका नाहीत. आणि मोठी झाल्यावर ती एकेक करून मुकाट्याने अवयव देत मरतात. वाचक वैतागतो. पण ती मुले का पळत नाहीत याचे उत्तर सोपे आहे. तुमची जागा हीच, असे त्यांना लहानपणापासून प्रेमाने शिकवले गेले आहे. आपण तरी कुठे पळतो? हुंडा चुकीचा हे ठाऊक असलेला मुलगा आईबापांपुढे मान खाली घालतो. 'आपल्यात असेच असते' एवढे म्हटले की आपली पावले थांबतात. त्या मुलांवर रागावणाऱ्या तरुणांना आम्ही एवढेच सांगू की तोच राग थोडा घरात आणा.

त्या शाळेत मुलांची चित्रे गोळा केली जात. कशासाठी, हे शेवटी कळते. या मुलांनाही आत्मा आहे हे बाहेरच्या जगाला सिद्ध करून दाखवण्यासाठी! हे वाचून आम्हाला आपल्याच काही सवयी दिसल्या. दिव्यांग मुलाबद्दल बोलताना आपण लगेच म्हणतो, "पण गातो किती छान!" किंवा "पण गणितात हुशार आहे हं." चांगल्या मनानेच म्हणतो. पण त्या 'पण'चा अर्थ काय? गाता आले नसते तर? आत्मा आहे याचा पुरावा आपण त्याच्याकडे मागत असतो. प्रथम कम्युनियनच्या वर्गात एखाद्या मतिमंद मुलीला 'पाठांतर जमत नाही' म्हणून मागे ठेवतात तेव्हाही आपण तेच करतो. देवाने तिला हाक मारताना कुठली चाचणी घेतली नव्हती.

यावर काही वाचक म्हणतील की एवढी भीती नसती तर जगाला जाग कशी आली असती? हे म्हणणे आम्हाला काही अंशी मान्य आहे. भीतीचा उपयोग असतो. माणसांची पैदास सुधारण्याचा विचार खरोखरच राबवला गेला होता. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करण्यास मान्यता दिली. नऊपैकी एकाच न्यायाधीशांनी विरोध नोंदवला, पीअर्स बटलर यांनी, आणि ते कॅथलिक होते. ३१ डिसेंबर १९३० रोजी पोप पायस अकरावे यांनी 'कास्ती कोन्नूबी' या परिपत्रकात अशा सक्तीचा निषेध केला. ३ ऑगस्ट १९४१ रोजी जर्मनीत म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी, अपंग आणि मनोरुग्णांना मारण्याची जी मोहीम सरकार चालवत होते तिच्याविरुद्ध, भर प्रवचनात तोफ डागली. त्या मोहिमेत तोवर सत्तर हजारांवर माणसे मारली गेली होती.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या युजेनिक्स सोसायटीने 'चांगल्या वंशा'वर उत्तम प्रवचन देणाऱ्यांसाठी बक्षिसे ठेवली, तेव्हा वेदीवरून तशी प्रवचने देणारे पाळकही निघाले. म्हणजे तोंडी देवाचे नाव असले म्हणून माणूस योग्य बाजूला उभा राहतोच असे नाही. फॉन गालेन योग्य बाजूला होते, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे मारले जाणारे रुग्ण होते. त्यांची भीती विज्ञानाबद्दल नव्हती. आपल्या माणसांबद्दलची ती काळजी होती.

शास्त्रवचनांत निवडीचा प्रसंग आहेच. शमुवेल इशायाच्या घरी राजा शोधायला जातो तेव्हा थोरल्या अलीयाबाची उंची पाहून त्याला वाटते, हाच तो. एकेक करून सात मुलगे पुढून जातात आणि देव सातही नाकारतो. जो धाकटा, ज्याला बापाने बोलावण्याचीही तसदी घेतली नव्हती, तो रानात मेंढरे राखत असतो. पुढे हाच दावीद राजा होतो, आणि योनाथानाच्या दोन्ही पायांनी अधू मुलाला, मफीबोशेथाला, शोधून आणून रोज आपल्या पंक्तीला बसवतो. आणि मत्तयाने लिहिलेली प्रभूची वंशावळी पाहा. तामार, राहाब, परदेशी रूथ, उरीयाची बायको. स्थळ पाहायला आलेल्या कुठल्याही पाव्हण्याने ही वंशावळी ऐकून चहा अर्धवट ठेवला असता. देवाने याच रक्तात जन्म घेणे पसंत केले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. अशी पुस्तके आणि चित्रपट मुलांपासून लपवू नका. त्यांच्याबरोबर बसून पाहा. पण झाल्यावर 'हे खरेच घडेल का?' हा प्रश्न विचारू नका. 'या गोष्टीत दाराबाहेर कोण उभा आहे, आणि आपल्या धर्मग्रामात तो कोण?' हे विचारा. मग करण्यासारखी कामे आपोआप दिसू लागतील. चर्चच्या पायऱ्यांशेजारी चाकांच्या खुर्चीसाठी उतार आहे का? व्हीलचेअरवरचा माणूस मिस्साला कुठे बसतो, मधल्या वाटेत की मागच्या खांबाआड? मतिमंद मुलांसाठी धर्मशिक्षणाचा वर्ग कोण घेतो? विवाहपूर्व शिबिरात थॅलेसेमिया आणि सिकल सेलच्या रक्तचाचणीबद्दल मोकळेपणाने बोलले जाते का, तेही मुलगा आणि मुलगी दोघांनाही, आणि कोणाच्याही माथी 'दोष' न मारता? मे महिन्याच्या सुटीत रक्तपेढ्या ओस पडतात तेव्हा थॅलेसेमियाच्या मुलांची तारीख मात्र चुकत नाही. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन. त्या आठवड्यात चर्चच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर घ्यायला आपल्याला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही.

आणि त्या थकलेल्या बापाशेजारी बसणार असाल, तर मत देऊ नका. पुढची तारीख कधी आहे ते विचारा, आणि त्या दिवशी दवाखान्यात त्याच्याबरोबर जा.

प्रार्थना करू या:

हे प्रभू, आम्ही माणसे मोजतो आणि तू त्यांना नावाने हाक मारतोस. जे शोध लावतात त्यांना नम्रता दे, जे आजारी आहेत त्यांना उपचार मिळू दे, आणि गरिबाच्या हाताला तो उपचार लागेपर्यंत आम्हाला स्वस्थ बसू देऊ नकोस. जे लेकरू आम्ही आतल्या खोलीत ठेवले, त्याला तुझ्या मेजावर आमच्या शेजारी बसव. आमेन.